हातचा

सॉरेल गॅपमध्ये रॅम्प बांधून देणारी एक संस्था आहे.
संस्था म्हणजे बर्ल स्टिडम,
त्याचा पिकअप, ज्याचं डावं दार फक्त बाहेरून उघडतं,
आणि मी, चेक लिहिणारी.

पहिल्याच दिवशी त्याला सुनावलं, पावत्या लागतील, बर्ल.
त्यानं टोपी काढली, टोपीतून पावत्या काढल्या,
घामानं आकडे पुसून गेलेल्या.

इथली घरं डोंगराला पाठ टेकून उभी.
दर घराला पायऱ्या. सात, नऊ, कुठे चौदा.
खाणीनं आधी माणसांची फुप्फुसं नेली, मग गुडघे,
मग खाणच निघून गेली.
पायऱ्या तेवढ्या राहिल्या.

कुणाच्याही दारात बर्ल आधी पायऱ्या मोजतो,
नमस्कार-चमत्कार मागाहून.
एक इंच चढायला बारा इंच वाट, म्हणतो,
एवढी सवलत तरी माणसाला मिळावी.

खिळा मारत नाही. स्क्रूच.
मला वाटायचं, मजबुतीसाठी.

आई गेली, आणि पुढच्या गुरुवारी तो आला.
फुलं नाहीत, झाकलेलं भांडं नाही, हातात ड्रिल.
नेऊ का, म्हणाला.
नेपियरच्या हायरमचा पाय कापलाय, शनिवारी घरी आणतायत.
मी चिडले. खूप चिडले.
तिच्या चाकांचे वळ अजून लाकडावर होते.
तो वाद घालत बसला नाही.
एक फळी सोडवली, उलटी केली, माझ्यासमोर धरली.
खालच्या अंगाला, सुताराच्या जाड पेन्सिलीनं:
ओमा कॉम्ब्स, दोन हिवाळे.
एल्झी फ्यूगेट, एक उन्हाळा.
एक नाव ओलीनं गेलेलं.
आणि शेवटी आई, स्पेलिंग चुकलेली.

ते मी दुरुस्त केलं.
मग फळीचं दुसरं टोक धरलं.

हीच आई मला स्वयंपाकघरात बेरजा घालायची,
पाठ करून बसलेल्या पोरीच्या डोक्यावर टिचकी मारून म्हणायची,
हातचा विसरलीस की सगळं चुकलं.

आता चर्चच्या मागे फळ्यांची चळत चढत चाललीय.
लोक जातात,
एक तर टेकडीवरच्या दगडांखाली, नाहीतर लेक्सिंग्टनला.
गेल्या वर्षी बसवले चार रॅम्प, काढले अकरा.
हा ताळा मला रात्री झोपू देत नाही.
बर्ल मात्र दर महिन्याला चळत खालीवर करतो,
फळ्या वाकू नयेत म्हणून.
तेल लावतो. त्या तेलाची पावती कधीच नसते.

लुईव्हिलच्या देणगीदारांचा फॉर्म आला होता.
त्यात एक चौकोन: संस्थेची वाढ?
बर्लनं बराच वेळ पेन्सिल चावली.
लिही, म्हणाला, उतार.
मी हसले. तो हसला नाही.
उतार पडावा म्हणूनच तर बांधतो आपण, म्हणाला.
पैसे अर्थातच आले नाहीत.

सिनसिनाटीहून मुलगी दर रविवारी फोन करते,
बाबा, खालच्या मजल्यावर खोली आहे, ऊन येतं.
येईन गं, म्हणतो, एवढे स्क्रू काढून झाले की.
एवढे म्हणजे किती, तिनं मला विचारलं.
त्या वहीतून मला सांगता आलं नाही.

परवा सही घ्यायला त्याच्या घरी गेले.
तो बाहेर आला, कठडा धरून,
प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत,
मध्ये एकदा थांबून आभाळाकडे बघत,
जणू आभाळासाठीच थांबला होता.
मी नमस्कार केला नाही.
आधी मोजल्या.
पाच पायऱ्या, साडेसात इंचाच्या.
म्हणजे साडेसदतीस फूट.

तेवढं लाकूड चळतीत आहे.
ड्रिल कुठे असतं ते मला माहीत आहे.
वहीत एक ओळ लिहून ठेवलीय,
तारखेची जागा मोकळी सोडून.